घराला कुलूप

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं पातळ व्हायला लागतात. नांदेडकडची कंधार, लोहा, मुखेड. लातूरकडची जळकोट, अहमदपूर. भाऊबीज झाली की तांड्याच्या तोंडाशी ट्रक लागतो. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, तवा, घागर, शेळ्या, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या, लेकरं आणि फडक्यात गुंडाळलेले कोयते, सगळं त्यात चढतं. ट्रक गेला की मागं दारं उरतात. दाराला टीचभर कुलूप, कडी गंजलेली असेल तर तारेचा वेढा, आणि जनावरानं आत तोंड घालू नये म्हणून उंबऱ्यापुढं बाभळीची फांदी आडवी. एखाद्या ओसरीवर म्हातारी बसलेली असते आणि तिच्यापाशी शाळेसाठी ठेवलेलं एखादं नातवंड.

मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते. माझ्या धंद्यात या कुलपाला एक खूण आहे. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर पहिल्याच पानाला चौकट असते: मुलाखत पूर्ण, मुलाखतीस नकार, घरी कुणी नाही, घर दीर्घकाळ बंद. तपासनीस शेवटच्या पर्यायाला गोल करतो आणि पुढच्या दाराकडं वळतो. त्यात त्याची चूक नाही. पुन्हा येऊन बघा असा नियम असतो, तो पुन्हा येतो, कुलूप तिथंच असतं. संध्याकाळी फॉर्म मोजले जातात, बंद घरं वजा होतात आणि उरलेल्या उघड्या घरांवरून त्या गावची तब्येत ठरते. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर माझं म्हणणं एवढंच उरलं आहे, की मराठवाड्यात कोण किती जगतं आणि का मरतं याचं निम्मं उत्तर त्या वजा केलेल्या घरांत आहे.

मी लातूरची. एवढं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "पॅटर्न का?" हो, पॅटर्नच. शाहू कॉलेज, दयानंद, पहाटेच्या शिकवण्या, खोलीवर चार जणी आणि भिंतीवर आवर्त सारणी. निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागतात. भावी डॉक्टरांचे इतके चेहरे एकावेळी दुसऱ्या कुठल्या गावात बघायला मिळत असतील असं वाटत नाही. लातूर डॉक्टर पिकवतं आणि बाहेर पाठवतं. ऊसही पिकवतं, गंमत अशी, की ज्या जिल्ह्यात मांजराकाठी साखर कारखाने आहेत त्याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागातली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला दोन-तीन जिल्हे ओलांडून जातात. मी डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाला पी. एस. एम. घेतलं, म्हणजे जनऔषधवैद्यक. मावशीनं पहिला प्रश्न टाकला, "मग दवाखाना कुठं टाकनार?" दवाखाना टाकायचा नसतो म्हटल्यावर ती माझ्या आईकडं वळून म्हणाली, "एवढं शिकवून काय केलंस माय."

पण माझा खरा पहिला धडा शिकवण्यांच्याही आधीचा, शाळेतला. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून, नाचून दमलेली माणसं घरी येऊन पडलेली, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी-सास्तूरचा मुलूख हादरला. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. जुन्या वाड्यांच्या जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर मातीच्या थराचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. गावकुसाबाहेरची कुडाची, पाचटाची घरंही पडली, पण माणूस मारण्याइतकं ओझंच त्यांच्या अंगी नव्हतं. मोठ्या घरांतली अख्खी कुटुंबं संपली आणि झोपडीतली माणसं अंगावरचा पाला झटकून उठली, हे त्या भागात आजही कुणीही सांगेल.

त्यानंतर जे झालं ते मला पुढं अभ्यासात कळलं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी वसवली गेली आणि घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत शेती असलेल्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. त्याहून जास्त असेल त्याला 750. प्रत्येक गटाची घरं गटागटानं उभी राहिली. धरणीनं एका पहाटेपुरती उलटी केलेली उतरंड आराखड्यावर पुन्हा सुलटी मांडली गेली, तीही कर्ज काढून आणि कुणाच्या मनात खोट नसताना. ज्याचं जेवढं होतं त्याला तेवढं द्यावं, यात अन्याय तो काय, असंच आखणाऱ्यांना वाटलं असणार. विषमतेचं सगळ्यात टिकाऊ रूप हेच असतं. ती हिशेबाला धरून असते.

हीच पट्टी आयुष्याच्या लांबीलाही लागते. 2022 साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी देशातल्या नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आहे. मुसलमानांचं साधारण वर्षभरानं. गरिबीमुळं असेल, असं कुणीही म्हणेल. त्यांनी तेही तपासलं. आर्थिक परिस्थितीनं निम्म्याहून कमी फरक समजतो. बाकीचा कशाचा, हे ज्यानं खेड्यातल्या उपकेंद्राचा उंबरा पाहिला आहे त्याला फार शोधावं लागत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. आपण त्यात नाही म्हणून हायसं वाटून घ्यायची सोय मात्र मला दिसत नाही.

सरासरीवर माझा राग नाही, तिच्यावर माझं पोट चालतं. पण सरासरी म्हणजे पंगतीच्या वरणाचं पातेलं. त्याच्याकडं बघून किती शिजलं ते कळतं. शेवटच्या पानावर किती पडलं ते कळत नाही. त्यासाठी शेवटच्या पानाशी जाऊन उभं राहावं लागतं आणि तिथं अनेकदा कुणी बसलेलंच नसतं.

वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावात ज्यूलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. 1971 साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या एका निबंधातला नियम आमच्याकडं आजही पाठ असतो: ज्याला गरज जास्त त्याला चांगली आरोग्यसेवा कमी, आणि बाजार जितका मोकळा तितकं हे प्रमाण जास्त उलटं. नियम सगळे सांगतात. त्या माणसानं गावात काय केलं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. दवाखान्यात जे येतात त्यांच्यावर न थांबता त्यांनी आपल्या यादीतल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा ठरवला. जे येत नव्हते त्यांच्या मागं लागले. न आलेल्या माणसाची नोंद ठेवणारा डॉक्टर, असं त्यांचं वर्णन मी करीन.

आपल्याकडं हे कधी झालंच नाही असं कुणी म्हणू नये. पोलिओचा रविवार आठवा. त्यानंतर पथक दारोदार फिरायचं आणि भिंतीवर खडूनं खूण करायचं. सगळ्या लेकरांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी 'पी', राहिला असेल किंवा घर बंद असेल तर 'एक्स'. आणि मग, हे विसरू नका, ती माणसं दुसऱ्या दिवशी 'एक्स'च्या घरी परत जायची. त्याच्या दुसऱ्या दिवशीही जायची. बसस्टँडवर, रेल्वे फलाटावर, वीटभट्टीवर, कारखान्याच्या तळावर वेगळी पथकं उभी राहायची. 13 जानेवारी 2011 नंतर या देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही, आणि 2014 च्या मार्चमध्ये तसं प्रमाणपत्र मिळालं. बंद घराचा पिच्छा पुरवायचा म्हटलं तर सरकारला तो पुरवता येतो. पोलिओचा पुरवला, कारण एक लेकरू सुटलं तर विषाणू सुटतो आणि तो साहेबाच्या बंगल्यातही शिरू शकतो. पंडुरोग तसा कुणाच्या बंगल्यात शिरत नाही. कंबरदुखी पसरत नाही. ऊसतोडणाऱ्या बाईचं अंगावरून जाणं हा फक्त तिचा प्रश्न राहतो.

म्हणून मग मी ट्रकच्या मागं गेले.

कृष्णाकाठचा फड. नुकत्याच तोडलेल्या रानाच्या कडेला कोप्यांची रांग: बांबूच्या कमानी, वर प्लास्टिकचा कागद किंवा पाचट, उंची इतकी की आत वाकूनच जायचं. दिवस पहाटे तीनला सुरू होतो. बाई उठते, भाकरी थापते, चारच्या काळोखात नवऱ्याबरोबर रानात जाते. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चालत ट्रकवर चढवते. मोळीचं वजन मी एकदा उचलून बघायला गेले तेव्हा बायका हसल्या. रात्री उशिरा गाडी भरायला आली तर पुन्हा उठायचं. संडास नाही, मोरी नाही. पाण्याला कालवा किंवा मालकाच्या मोटारीची वेळ. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्याच्या नावावर मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली, खर्चही झालेली. दोघांपैकी एक जण एक दिवस बसला की खाडा. पैसे कापले जातात. ताप आला तरी खाडा, बाळंत झाली तरी खाडा.

कोयत्याला जोडी लागते म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, विशीच्या पुढच्या तरुणींपैकी अठरा पुरी व्हायच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात शंभरात बावीस निघाल्या. शेजारच्या परभणीत अठ्ठेचाळीस, बीडमध्ये चव्वेचाळीसच्या आसपास. राज्याच्या सरासरीत परभणी कुठं दिसते का बघा.

एका कोपीत एका बाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून, रेशनकार्डाच्या घडीतून, लेकराचं लसीकरणाचं कार्ड काढून दाखवलं. लेकरू आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधलं. जन्माच्या लसीचा रकाना भरलेला. दीड महिन्याचा भरलेला. अडीच महिन्यांचा कोरा, साडेतीन महिन्यांचा कोरा. मग एकदम नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीची तारीख, मे महिन्यातली. त्या कोऱ्या चौकटींना कडेकडेनं बोट लावत गेले तर कारखान्याचा हंगाम कधी पेटला आणि पट्टा कधी पडला ते सांगता आलं असतं. कार्डाला हळदीचा डाग होता, घडीवर फाटलेल्या जागी सेलोटेप. इतक्या जपून ठेवलेल्या कागदाला निष्काळजी आईचं कार्ड म्हणणारी माणसं मी बैठकांत पाहिली आहेत.

"तुमी आता घेतलाच का फोटू त्याचा?" तिनं विचारलं. घेतला होता. "मंग आमच्या गावच्या सिस्टरला दाखवा. ती मला वरडती."

ती स्वतःचं वय पट्ट्यांवरून, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामांवरून, मोजत होती. लग्न झालं त्या वर्षीचा पहिला पट्टा, थोरलं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. मी मनात बेरीज केली, तिशी नुकती ओलांडलेली असेल. गर्भपिशवी काढून दोन हंगाम झाले होते. "अंगावर पांढरं जायचं. डॉक्टर म्हनले पिशवी खराब झाली, पुढं जाऊन कॅन्सर व्हईल. म्हनलं काढा. दर महिन्याचे खाडे तरी वाचतील." पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते का, हे तिला माहीत नव्हतं. कागद मुकादमाकडं होते, कारण ऑपरेशनचे पैसेही उचलीतच धरलेले. ते काढले असतील तर पाळी एकदम थांबल्यावर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि तिला तर अजून वीस वर्षं मोळ्या वाहायच्या होत्या. "आता कंबर धरती," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

2019 साली ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा गवगवा झाला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर आहे. दोन्हींचे वयोगट तंतोतंत सारखे नसतील, म्हणून आकडे शेजारी ठेवताना मी जपून ठेवते. तरी तीन आणि सतरा यांच्यातली दरी नुसत्या वयोगटानं भरून निघायची नाही. बीडचं नाव झालं, कारण बीडमध्ये मोजलं. फडात जिल्हा कुणी विचारत नाही. बीडची, मुखेडची, जळकोटची कोपी एकाच रांगेत असते आणि खाड्याचा दर सगळ्यांना सारखाच.

लोकांनी डॉक्टरांवर तोंडसुख घेतलं. काही जण त्या लायकीचे होतेही. पण तेवढ्यावर थांबलं की बाकीचे सगळे सुटतात: बाळंतपणालाही रजा न देणारा व्यवहार, संडास न बांधणारा कारखाना, पाळीच्या कापडाला ऊन न मिळू देणारी कोपी, आणि साध्या जंतुसंसर्गाला आठवडाभराच्या गोळ्या द्यायला त्या रानात न पोचलेले आम्ही. ऑपरेशन टेबलावर झालं. ठरलं त्याच्या खूप आधी.

तिकडं नांदेडच्या दुसऱ्या टोकाला किनवट-माहूरचं जंगल. कोलाम, गोंड, आंध यांच्या वस्त्या. तिथल्या माणसाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ, म्हणजे जवळचा मोठा दवाखाना परराज्यात आणि परभाषेत. तिथल्या कुलपाची जात वेगळी. दार उघडं असतं, माणूस घरी असतो, पण प्रश्नावली मराठीत आणि घरातली आजी कोलामीत बोलणारी. तपासनीस शाळेतल्या पोराला दुभाषा करतो आणि आजीच्या बाळंतपणांची माहिती नातवाकडून घेतो. फॉर्म मात्र 'पूर्ण' म्हणून जमा होतो.

आमच्याच भागात शहाण्या माणसांनी वाटा पाडून ठेवल्या आहेत, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असते. 1970 साली जामखेडला आलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे. बोअर कुठं घ्यायची हे ठरवताना त्यांनी ती दलित वस्तीत पडेल असं पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं या. आरोग्याचं त्याहून हुशार संशोधन मला माहीत नाही. अणदूरला शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या साथीदारांनी गावच्याच बायकांना तयार करून 'भारतवैद्य' केलं. 2007 मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. जनसुनवाईत एखादी बाई माईक हातात घेऊन आरोग्य अधिकाऱ्याला तारीखवार विचारते, तेव्हा आमच्या सगळ्या तक्त्यांची गरज थोडी कमी होते. व्हावी.

2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यात बारा नवजात. देशभरचे कॅमेरे विष्णुपुरीच्या त्या रुग्णालयात आले, एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात संडासाचा झाडू दिला, औषधं होती की नव्हती यावर आठवडाभर चर्चा झाली. औषधांचा, खाटांचा, परिचारिकांचा प्रश्न खराच आहे आणि तो लावून धरलाच पाहिजे. पण त्या बारा पाळण्यांमागं मला मागचे नऊ महिने दिसत होते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि आधीच्या फेरीत त्या अठ्ठेचाळीस होत्या. मोठं रुग्णालय हे या भागातल्या कहाणीचं शेवटचं पान. खालच्या दवाखान्यातून रेफर, तिथून पुढं रेफर, 108 ची गाडी, आणि एकेका पायरीवर थोडा थोडा गेलेला वेळ. कॅमेरा शेवटच्या पानावर येतो. आधीची पानं नोंदवायला ज्यांना पगार मिळतो त्यांत मी आहे, तेव्हा तक्रार कुणाकडं करू?

हे मधूनमधून टोचतं. माझे शोधनिबंध इंग्रजीत छापले जातात. ज्या बाईच्या कमरेवर ते उभे आहेत ती ते वाचणार नाही, आणि वाचले तरी तिला त्यात नवं काही सापडणार नाही. बढती मला मिळाली, खाडा तिचा पडला. एका फडावर मुकादमानं मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या यादीत नाव आलं तर उचल फिटती का?" नाही म्हटलं. "मंग दुपारी या. सकाळी बायांचा टाइम खाऊ नका." त्याचा हेतू काही चांगला नव्हता, पण सूचना योग्य होती. तेव्हापासून मुलाखती दुपारच्या भाकरीच्या वेळी होतात आणि प्रश्नावली मी निम्म्यावर आणली.

सध्या काम चालू आहे ते अगदी छोटं. मुखेडकडच्या काही गावांतल्या आशाताईंनी, गाडी भरायच्या आधी, गरोदर बायकांची आणि वर्षाच्या आतल्या लेकरांची यादी करायची, मुकादमाचा फोन नंबर त्यावर टाकायचा, आणि ती कारखान्याकडच्या आशाताईंना पाठवायची. व्हॉट्सॲपवर, फोटो काढून. तिकडून मग कधी फोन येतो, "तुमची तीन लेकरं आमच्याकडं हायत, दोघांना डोस दिला, तिसऱ्याची आई गाडी भरायला गेली." चालतं हे. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून लागलं आहे. वर्षाच्या आत लसीकरण पूर्ण झालं की आशाताईला लेकरामागं शंभर रुपये मिळतात. पहिले डोस गावात, मधले फडावर, गोवराचा पुन्हा गावात; तर हे शंभर कुणाचे? गावची म्हणते लेकरू माझ्या रजिस्टरातलं. फडाकडची म्हणते उन्हातानात मी हिंडले. दोघींचंही बरोबर आहे. आम्ही वरच्या कार्यालयाला पत्र लिहून पन्नास-पन्नासची परवानगी मागितली. तिकडून विचारणा आली आहे की दोन जिल्ह्यांतल्या लाभार्थ्याची नोंद कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात दाखवायची. दिवाळीच्या आत त्याचं उत्तर द्यायचं आहे.